भाड्याची कॅम्परव्हॅन, मुंबई ते कोकण: चौकोनी कुटुंबाला परवडते आणि झेपते का?

मुंबई-ठाणे-नवी मुंबईत भाड्यानं मिळणारी चार माणसांची कॅम्परव्हॅन म्हणजे सर्रास फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली गाडी. मागे आडवा पलंग, मध्ये टेबल आणि दोन बाकं (रात्री टेबल खाली पाडलं की दुसरा पलंग), एका अंगाला ओटा, दुसऱ्या अंगाला कपाटाएवढ्या जागेत मोरी-संडास. जाहिरातीत चौघांची झोपायची सोय, एसी, फ्रिज, गीझर, टीव्ही अशी यादी असते. यादी खोटी नसते, पण ती कुठे उभं राहिल्यावर खरी ठरते ते जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या जातीच्या गाडीचं आणि ती भाड्यानं देण्याच्या पद्धतीचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. डिसेंबर ते फेब्रुवारी, कोकण, तीन रात्री, दोनच मुक्काम, सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी आजी असा बेत असेल तर जरूर घ्या. मे महिन्यात रात्रभर एसी चालेल या भरवशावर घेणार असाल तर नका घेऊ, हॉटेल स्वस्त पडेल. पावसाळ्यात घाटात फिरायला तर मुळीच नको.

या गाड्यांचा मूळ आराखडा परदेशी आहे. अमेरिकेतल्या स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक गाडीला आखलेली जागा असते. पुष्कळ ठिकाणी शेजारी विजेचा खांब असतो, नळ जवळ असतो, जेवायला लाकडी टेबल, शेकोटीला लोखंडी कडं, आणि बाहेर पडायच्या वाटेवर मैल्याची टाकी रिकामी करायचं ठिकाण. कॅलिफोर्नियात या जागा सहा महिने आधी आरक्षणाला खुल्या होतात आणि सुट्ट्यांच्या तारखा बघता बघता संपतात. तिथली गाडी निम्मी असते, उरलेली निम्मी त्या जागेत पुरलेली असते. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची तरतूदही आहे. पण आज मुंबईहून निघणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला बहुधा कुणाच्या तरी नारळाच्या वाडीतलं मोकळं अंगण, एखाद्या रिसॉर्टचा पार्किंगचा कोपरा किंवा पवनेच्या काठची तंबूंची जागा येते. खांब नाही, मैल्याचं ठिकाण नाही. म्हणून गाडी ठरवताना पलंग मोजून उपयोग नसतो. पाणी किती लिटर, बॅटरी किती, संडासाची टाकी किती, हे तीन आकडे आधी विचारायचे. समोरच्याला ते तोंडपाठ नसतील तर दुसरीकडे फोन लावा.

आधी वीज, कारण भांडणं तिच्यावरूनच होतात.

बऱ्या गाडीत १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असते. गुणाकार केला की २५६० वॅट-अवर, म्हणजे अडीच युनिट. इन्व्हर्टरमध्ये जाणारी गळती वजा जाता हाताशी दोन युनिटं राहतात. आता खर्च बघा. ५० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आपल्या उकाड्यात दिवसाला ४०० ते ५०० वॅट-अवर खातो. २० वॅटचे दोन पंखे दहा तास चालले तर ४००. दिवे, मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून दोन-अडीचशे. इथवर एक युनिट संपलं, अजून चहा व्हायचाय. इंडक्शनवर सकाळचा चहा-पोहे, दुपारचा कुकर आणि रात्रीची खिचडी धरली तर आणखी ९००. म्हणजे गाडी उभी असेल तर बॅटरी बरोबर एक दिवस पुरते. गीझर तर सोडूनच द्या: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला अर्धं युनिट लागतं, एका आंघोळीत बॅटरीचा पाव हिस्सा गेला.

आणि एसी. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ७०० वॅट खातो असं धरलं तर आठ तासांचे साडेपाच युनिट होतात, बॅटरीच्या दुपटीहून जास्त. म्हणजे बाहेरून विजेची तार जोडल्याशिवाय एसी रात्रभर चालणार नाही, हे गणित आहे, गाडीवाल्याचा नाकर्तेपणा नव्हे. नाकर्तेपणा हा, की तो हे आधी सांगत नाही. रात्री दोनला गाडी तापली की ‘इंजिन चालू ठेवा’ असा सल्ला फोनवरून येतो. तो मानू नका. उभ्या गाडीचा धूर खालून आत शिरतो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि आत चार माणसं झोपलेली असतात. पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर दिला असेल तर तो गाडीपासून लांब, धूर वाऱ्यानं गाडीकडे येणार नाही अशा बाजूला ठेवायचा आणि निजायच्या आधी बंद करायचा. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कमध्ये जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ एवढाच चालवू देतात. हा नियम आपण आपणहून पाळला तर वाडीतला यजमान पुढच्या वेळीही फाटक उघडेल.

काही स्वस्त गाड्यांत अजून घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी बसवलेली असते. कागदावर १८०० वॅट-अवर, पण अशी बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ९०० धरा. त्यात फ्रिज आणि पंखा भागतो, स्वयंपाक नाही. ‘दीडशेची बॅटरी आहे’ आणि ‘दोनशेची आहे’ या दोन वाक्यांत कानाला फरक थोडा वाटतो, प्रत्यक्षात दुपटीचा आहे.

टपावरची ४०० वॅटची सोलर पॅनेलं हिवाळ्यात स्वच्छ उन्हात दिवसाला १४०० वॅट-अवरच्या आसपास देतात. मात्र कोकणात गाडी उभी राहते माडांखाली, आणि एका झावळीची सावली पॅनेलवर फिरत राहिली तरी उत्पन्न कोसळतं. बरं, सावली सोडा, वरून नारळ पडतो. पॅनेलची काच आणि छताच्या पंख्याचं प्लास्टिकचं झाकण, दोन्हींना एक नारळ पुरतो, आणि त्याचे पैसे अनामतीतून जातात. माडाखाली गाडी उभी करणाऱ्या शहरी पाहुण्याला वाडीतली माणसं एकदा सांगतात, दुसऱ्यांदा नुसती हसतात.

त्यापेक्षा भरवशाचा मार्ग म्हणजे चालत्या इंजिनवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर. ३० अँपिअरचा असेल तर तासाला ४०० वॅट-अवर, चार तासांच्या प्रवासात १६०० भरतात. हा गाडीत आहे का ते विचाराच. नसेल तर मुंबई ते गणपतीपुळे साडेतीनशे किलोमीटर धावूनही ही बॅटरी होती तिथेच.

मुक्कामाला तार जोडायची असेल तर १५ अँपिअरचा पॉवर पॉइंट मागायचा, मोबाइलचा छोटा सॉकेट नाही. गंमत अशी, की अमेरिकेतला ‘३० अँप’चा खांब १२० व्होल्टवर ३६०० वॅट देतो, आणि आपला मोठा सॉकेट २३० व्होल्टवर जवळपास तेवढाच भार झेलतो. कागदावर दोघे सारखे. फरक भिंतीच्या मागे आहे: तिथे तो खांब गाडीसाठीच ओढलेला असतो, इथे त्याच वायरवर यजमानाची पाण्याची मोटर, फ्रिज आणि व्हरांड्यातले दिवे असतात. गीझर २०००, इंडक्शन १२०० आणि एसी ९०० एकाच वेळी लावले की खटका पडलाच. आधी गीझर, मग स्वयंपाक, मग एसी, असा पाळीनं वापर करायचा. घरी एकच नळ असला की जसं करतो तसं.

गाडीबरोबर मिळणारी एक्स्टेन्शन वायर हातात घेऊन बघा. तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी. आकडा वायरच्या अंगावर छापलेला असतो. कित्येकदा एक चौरस मिलिमीटरची दिलेली असते. २५ मीटर लांबीच्या अशा वायरीवर दोन किलोवॅटचा भार टाकला तर वाटेतच सत्तरेक वॅटची उष्णता होते. तीच वायर रिळावर गुंडाळलेली राहिली तर उष्णतेला जायला जागा नाही, आवरण मऊ पडतं आणि जळका वास यायला लागतो. वायर पूर्ण उलगडून जमिनीवर सोडायची, जोड ओल्या गवतात ठेवायचा नाही. आणि जोडण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा अर्थिंग तपासायचा प्लग सॉकेटमध्ये खोचून बघायचा. अर्थिंग नसेल तर गाडीची बॉडी धरून अनवाणी उतरणाऱ्याला झिणझिण्या येतात, ओल्या पायांनी असेल तर त्याहून वाईट. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपली की पुरवठा तोडणारा खटका) असावा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडावा. ताबा घेताना हे दाबायला पाच सेकंद लागतात.

रात्री आठनंतर गावात व्होल्टेज उतरलं तर एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना गुरगुरतो आणि बंद पडतो. एसी बिघडला म्हणून फोनाफोनी करण्याआधी व्होल्टमीटर पाहा. १८० दिसत असतील तर पंखा लावा आणि झोपा.

आता संडास. याबद्दल लिहायला लोक लाजतात आणि नेमका तिथेच पैसा वसूल होतो किंवा बुडतो.

गाडीत बहुधा कॅसेट संडास असतो: वर प्लास्टिकचं भांडं, खाली सुटकेससारखी साधारण २० लिटरची टाकी, मध्ये सरकती झडप. बाहेरच्या दारातून टाकी ओढून काढायची, चाकांवरून न्यायची, रिकामी करायची. तिकडच्या हिशेबानं दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. तो हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपण जेट किंवा मग्गा वापरतो, दर वेळी पाऊण-एक लिटर पाणी जास्तीचं जातं, आणि ते सगळं त्याच टाकीत. चार माणसं, सकाळची फेरी आणि दिवसभराच्या लघवीच्या खेपा धरल्या तर १५ ते १८ लिटर एका दिवसात होतात. म्हणजे चौकोनी कुटुंबाला कॅसेट रोज रिकामी करावी लागते, दोन दिवसांनी नव्हे. टाकी भरल्याची लाल खूण दिसायची वाट पाहिली तर झडप उघडताना पाणी वर येतं आणि मग चौकोनातला एकही कोन खूश राहत नाही. जेटचा दाब कमी करून घ्या. त्याहून सोपं म्हणजे अर्ध्या लिटरचा छोटा तांब्या ठेवा.

रिकामी करायची जागा एकच: यजमानाचा किंवा रिसॉर्टचा नेहमीचा संडास, तोही विचारून. शेत, ओहोळ, खाजण, समुद्र, सार्वजनिक गटार यांपैकी काहीही नाही. विचारताना रसायनाचंही सांगा. कोकणातल्या घरांना सेप्टिक टँक असतो, त्यातले जिवाणू मैला कुजवतात. फॉर्मल्डिहाइडवालं निळं द्रावण त्यांना मारतं, आणि मग टँक तुंबल्याचा ठपका पुढे येणाऱ्या प्रत्येक कॅम्परव्हॅनवर बसतो. एन्झाइमवालं, सेप्टिक टँकला चालेल असं डब्यावर लिहिलेलं द्रावण मागा. मात्रा डब्यावर असते तेवढीच. टाकी धुऊन लावल्यावर आधी त्यात एक-दोन लिटर साधं पाणी, मग द्रावण. कोरड्या टाकीत मैला तळाला चिकटतो आणि सगळी दुर्गंधी तिथूनच सुरू होते.

ओतताना एक बारीकशी गोष्ट आहे. टाकीच्या वर हवेचं बटण असतं. तोटी खाली वळवून, ते बटण अंगठ्यानं दाबून धरून ओतायचं. न दाबता ओतलं की हवा तोटीतूनच आत शिरायला बघते, धार अडखळते, बाटलीसारखा गडगड आवाज होतो आणि शिंतोडे उडतात. तसंच, किनाऱ्यावरून घाट चढून वर आलात की बंद टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त झालेला असतो. वर बसण्याआधी झडप किंचित उघडून वाफ जाऊ द्या. हे माहीत नसलेल्याला फवारा मिळतो.

एवढं सगळं सांभाळूनही, या गाडीतली सर्वात मोलाची वस्तू कुठली असं विचारलं तर आमचं बोट याच संडासाकडे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पेण सोडल्यावर, बाईमाणसाला आणि म्हाताऱ्या माणसाला जाता येईल असं स्वच्छ ठिकाण हुडकण्यात प्रवासाचा जो वेळ आणि जीव जातो, तो इथे वाचतो. आजींना मात्र गाडीची पहिली पायरी उंच पडते. एक मजबूत प्लास्टिकचं स्टूल घरून न्या, घडीच्या पायरीवर एकट्याच्या भरवशानं चढवू नका.

पाण्याचा हिशेब संडासापेक्षा सोपा. टाकी १०० लिटरच्या आसपास. शॉवर मिनिटाला सहा लिटर धरला तर पाच मिनिटांत ३० लिटर, चौघांत १२०, म्हणजे टाकी आंघोळीतच संपली. बादली-मग्ग्यानं १२ लिटरात भागतं. नळाखाली भांडी घासली तर एका जेवणाला १५-२० लिटर, दोन टब ठेवून घासली तर सात-आठ. पिण्याचं पाणी २० लिटरच्या जारमधून, गाडीच्या टाकीतून नाही, कारण ती टाकी आतून शेवटची कधी धुतली हे कुणालाच सांगता येत नाही. भरायला अन्नपाण्यासाठीचा १० मीटरचा पाइप न्या, बागेचा हिरवा पाइप उन्हात तापला की पाण्याला रबराचा वास देतो. सांडपाण्याची टाकी गाडीखाली आहे की पाइप सरळ जमिनीवर सोडलाय, तेही वाकून बघा. दुसऱ्या प्रकारात खाली बादली लावावी लागते, नाहीतर सकाळी वाडीत तुमच्या डाळीच्या पाण्यावर मुंग्या आणि माश्या.

गाडी जरा एका बाजूला कलली असेल तर मोरीचं पाणी भोकाकडे जात नाही, फ्रिजचं दार आपोआप उघडतं आणि झोपलेल्याचं डोकं जड होतं. चिऱ्याचे तुकडे किंवा दोन लाकडी फळ्या चाकाखाली घालून गाडी समतल करायची. मोबाइलमधलं पाणसळीचं अॅप पुरतं. हँडब्रेक, गिअर आणि चाकाला अडणी, तिन्ही लावा.

स्वयंपाकाला गॅस असेल तर तो ५ किलोचा छोटा सिलिंडर, बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. तळाला भोक असेल तर रस्त्यावर जातो, नसेल तर पलंगाखाली जातो. नळीवरची तारीख वाचा. गळती ओळखणारं यंत्र छताला लावलेलं दिसलं तर समजा बसवणाऱ्यानं विचारच केलेला नाही, ते जमिनीलगत हवं. मासे तळायचा बेत असेल तर बाहेर, ओट्याच्या खिडकीबाहेर टेबल मांडून. आत एकदा बांगडा तळला की परतीपर्यंत उशा बांगड्याच्या.

रस्त्यावरची गोष्ट वेगळी. ही गाडी मोटारीसारखी चालत नाही. टपावर एसीचं धूड, पोटात १०० किलो पाणी, मागे पलंगाखाली सामान. वळणावर अंग टाकते. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरायचं, ब्रेक पायाखाली दाबून धरला तर तो तापतो आणि ऐन गरजेला ढिला पडतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने टायर असले तर नक्षी शाबूत दिसली तरी बदलून मागा. या गाड्या वर्षातले बरेच दिवस उभ्याच असतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत, वाळतात. कडेला केसासारख्या भेगा दिसल्या की तोच प्रकार.

उंची लेखी घ्या. एसी आणि पॅनेलं धरून ती साध्या ट्रॅव्हलरपेक्षा बरीच वाढते, आणि मुंबईत सोसायटीची कमान, मॉलचं तळघर, पुलाआधीचा लोखंडी आडवा बार, सगळीकडे हाच आकडा आडवा येतो. तो चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटवा. कोकणात गावात शिरल्यावर उंचीऐवजी रुंदी नडते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये एक रिक्षा जाईल एवढी पाखाडी, आणि नकाशा म्हणतो ‘पुढे उजवीकडे’. मुक्कामाच्या मालकांना आधी विचारायचं: ‘तुमच्याकडे मिनीबस येते का?’ ‘गाडी येते’ हे उत्तर पुरेसं नाही, त्यांची गाडी म्हणजे अल्टो असू शकते.

किनाऱ्यानं जायचं तर जंगलजेट्टीला, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीला, पर्याय नाही: आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. लहान मोटार कुठल्याही वेळी चढते. कॅम्परव्हॅनचं तसं नाही. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा पार्श्वभाग बराच लांब लोंबतो, आणि त्याच्या खालीच सांडपाण्याची तोटी आणि घडीची पायरी असते. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो, आणि चढताना-उतरताना तो भाग जेट्टीच्या काँक्रीटला घासतो. तोटी तुटण्याची ही ठरलेली जागा. म्हणून भरतीच्या वेळेच्या आसपासची फेरी पकडा, माणसं खाली उतरवा, गाडी जराशी तिरपी घेऊन सावकाश चढवा, आणि एकानं मागे वाकून बघत राहा. गॅसचा खटका चढण्याआधी बंद. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो त्या मानानं आरामाची, तासाभराचा प्रवास आणि पेण-वडखळची कोंडी टळते. पण आरक्षण करताना वाहन ‘कार’ म्हणून नोंदवू नका, लांबी-उंची सांगूनच तिकीट काढा.

वाळूवर गाडी घालू नका. मागच्या चाकांवर चालणारी, तीन-चार टनांची गाडी ओल्या वाळूत एकदा बसली की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

कागदपत्रांत बघायचं ते नंबरप्लेटपासून. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. चालकासह दिलेलीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन दिली जात असेल तर भाडं कितीही कमी असो, अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो, नोंदणीपत्रावर तो आकडा असतो. गोव्यात उतरायचं असेल तर पर्यटक परमिट आहे का विचारा. आणि पलंग चार असले तरी सीटबेल्ट किती? प्रवासात माणूस पलंगावर आडवा पडू शकत नाही, आडव्या बाकावर बसलेल्या मुलाला पट्टा नसेल तर ती जागा जागाच नव्हे. चार बेल्ट नसलेली ‘चार जणांची’ गाडी ही दोन जणांची गाडी आहे.

पैशांचं बोलायचं तर दिवसाच्या भाड्यावर जाऊ नका. त्या भाड्यात किलोमीटर किती, पुढच्या किलोमीटरला दर काय, चालकाचा भत्ता आणि त्याची झोपायची सोय कुणाकडे, सफाईचे वेगळे का, हे लेखी घ्या. डिझेल लिटरला नऊ-दहा किलोमीटर धरा, म्हणजे आठशे किलोमीटरच्या फेरीला ८० ते ९० लिटर. टोल मोटारीच्या दरानं धरू नका, फास्टॅग कुठल्या वर्गाचा आहे त्यावर ते ठरतं. चालक असेल तर तो पाचवा माणूस, आणि चार पलंगांच्या गाडीत पाचवा कुठे झोपणार हा प्रश्न बहुतेकांना पहिल्या रात्री साडेनऊला पडतो. घरगुती निवासात एक खोली घेतली की तो सुटतो. चालकाला पलंग मिळतो, तुम्हाला मोरी, पॉवर पॉइंट आणि कॅसेट रिकामी करायला हक्काची जागा. ‘खोलीच घ्यायची तर गाडी कशाला?’ हे खवचटपणे विचारणारा एक काका प्रत्येक कुटुंबात असतो. त्याचं निम्मं बरोबर आहे. पण वेळणेश्वरला सकाळी उठून दार उघडल्यावर समोर पाणी दिसतं, आणि पोरं दात न घासता थेट पळत सुटतात, ते खोलीत होत नाही.

ताबा घेताना पाऊण तास काढा आणि घाई करणाऱ्याला चहा पाजा. फ्रिज आदल्या रात्रीपासून थंड केलेला हवा, गरम फ्रिज बॅटरीवर थंड करायला गेलं की पहिला दिवस त्यातच जातो. पंप सुरू करून सगळे नळ बंद ठेवा: पंप थांबला पाहिजे. अधूनमधून ‘टक्‌’ करून पुन्हा चालू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. छताच्या कोपऱ्यांत आणि वरच्या पंख्याभोवती प्लायवर अंगठा दाबून बघा. मऊ लागलं तर गेल्या पावसाचं पाणी आत शिरलेलं आहे. खिडक्यांच्या जाळ्या शाबूत हव्यात, कोकणात डास पाहुण्यांची वाटच बघत असतात. कॅसेट बाहेर काढून आत वास घ्या, हो, घ्याच. आणि सगळ्याचे फोटो, तारखेसह.

परतीचा बेत रविवारी संध्याकाळचा ठेवू नका. द्रुतगती मार्ग असो की पनवेल, त्या वेळी गाडी पहिल्या गिअरवरच येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुक्काम सोडण्याआधी कॅसेट रिकामी करून, धुऊन, कोरडी बसवा. मुंबईत ती ओतायला सार्वजनिक जागा नाही. बहुतेक मालक भरलेल्या कॅसेटचा दंड अनामतीतून कापतात, आणि तो चुकवायचा तर ती सुटकेस स्वतःच्या सोसायटीच्या लिफ्टमधून, शेजाऱ्यांना नमस्कार करत, सातव्या मजल्यावर न्यावी लागते.